उडत्या घुबडांचे फोटो: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घुबड तर सावकाश उडतं. मग त्याचा उडतानाचा फोटो इतका अवघड का?

वेगाची अडचण नाहीच. वजनाच्या मानाने घुबडाचे पंख खूप मोठे असतात, म्हणून ते हवेत जवळजवळ तरंगत जातं. खंड्या किंवा पाकोळीच्या मानाने हे काम सोपं वाटायला हवं. अडतं ते तीन गोष्टींवर.

पहिली गोष्ट उजेड. बहुतेक जाती बाहेर पडतात तेव्हा कॅमेऱ्याला काम कठीण होऊ लागलेलं असतं. दुसरी, आवाज नसतो. पंखाच्या पुढच्या कडेला कंगव्यासारखे दाते, मागच्या कडेला मऊ झालर आणि वरच्या पृष्ठभागावर मखमली लव असल्यामुळे हवा कापल्याचा आवाज जवळपास दबून जातो. बदक किंवा कबुतर येतंय हे कानाला आधी कळतं. घुबड मात्र मान वळवेपर्यंत समोरून निघून गेलेलं असतं. तिसरी आणि सर्वांत त्रासदायक गोष्ट म्हणजे त्याची उंची. शिकार शोधणारं घुबड गवतावरून दोन-तीन मीटरवर उडतं, त्यामुळे मागे मोकळं आकाश नसतं. गवत, काटक्या, झुडपं असं सगळं असतं आणि ऑटोफोकसला पक्ष्यापेक्षा तेच जास्त आवडतं.

सुरुवात कोणत्या जातीपासून करावी?

जी उजेडात उडते तिच्यापासून. आखूड कानांचं घुबड मोकळ्या गवताळ रानात दुपारनंतरच शिकारीला निघतं आणि एकाच पट्ट्यावर पुन्हापुन्हा फेऱ्या मारतं. सरावासाठी याहून चांगला विषय नाही. हिमघुबड आणि उत्तरेकडच्या जंगलातलं मोठं करडं घुबड हीसुद्धा दिवसा शिकार करताना दिसतात. पिंगळे दिवसाउजेडी भेटतात खरे, पण ते छोटे, झटपट आणि खालीवर हेलकावत उडणारे असतात. उडता पिंगळा पहिल्याच दिवशी टिपायला जाल तर हाती फक्त रिकाम्या फांद्यांचे फोटो येतील.

गव्हाणी घुबड मधल्या अडचणीचं. ते निशाचर, पण पिल्लं मोठी होत असताना किंवा पावसाने उपाशी राहिलेलं असताना उजेड असतानाच बाहेर पडतं. शृंगी घुबड आणि मत्स्यघुबड बहुतेक वेळा पूर्ण अंधार होता होताच हलतात. त्यांच्यासाठी हातात फार तर दहा-पंधरा मिनिटं मिळतात.

कोणत्या हवामानात जावं?

पावसाच्या दुसऱ्या दिवशी. घुबडांची पिसं मऊ असतात आणि पाण्यापुढे फारशी टिकत नाहीत. पावसाच्या आवाजात उंदराची खसखसही ऐकू येत नाही. म्हणून रात्रभर पाऊस पडला की शिकार बुडते, आणि पाऊस थांबून उघडीप पडली की तेच घुबड भुकेपोटी उजेडात बाहेर येण्याची शक्यता वाढते. थंडीच्या प्रदेशात बर्फ साचून राहिल्यावरही असंच होतं. मात्र लक्षात घ्या, तुमच्यासाठी सोयीचा असलेला हा दिवस त्या पक्ष्यासाठी उपासमारीचा आहे. अशा दिवशी एक फुकट गेलेली झेपही त्याला महाग पडते, तेव्हा नेहमीपेक्षा जास्त अंतर ठेवा.

सोसाट्याचा वारा असेल तर जाऊ नका, कारण कानावर शिकार करणारी घुबडं अशा वेळी बसून राहतात. हलका, एकाच दिशेने वाहणारा वारा उत्तम. तो का, ते पुढे आलं आहे.

घुबड नेमकं कुठे येईल हे कसं शोधायचं?

आधी कॅमेरा न घेता जा. दोन-तीन संध्याकाळी दुर्बीण घेऊन लांबून नुसतं बघत बसलात तर पुढचे पंधरा दिवस वाचतात.

जमिनीवरच्या खुणा वाचा. घुबड भक्ष्य बहुधा अख्खं गिळतं, आणि न पचलेले केस-हाडं गोळी करून ओकून टाकतं. करड्या-काळ्या, बोटाएवढ्या अशा गोळ्या एखाद्या खांबाखाली सापडल्या आणि खोडावर विष्ठेचे पांढरे ओघळ दिसले की ती नेहमीची बैठक समजा. गोळी ओलसर आणि चकचकीत असेल तर ताजी, भुरभुरीत झाली असेल तर जुनी. दिवसा बुलबुल, कोतवाल, सातभाई असे पक्षी एखाद्या दाट झाडाभोवती जमून कलकलाट करत असतील तर आत घुबड असण्याचा संभव मोठा. तिथे जवळ जाऊन खात्री करायची गरज नाही. एवढं कळलं की संध्याकाळी ते कोणत्या बाजूने बाहेर पडतं ते लांबून बघा.

शिकारीची वाट बहुतेक कडेकडेने जाते: गवत आणि शेताची सीमा, पाटाची कड, कुंपणाची रांग. उंदीर तिथेच असतात. घुबड त्या कडेने जातं, टोकाला वळतं आणि बऱ्याचदा दहा-वीस मिनिटांत परत येतं. ते परतणं हीच तुमची संधी. पहिल्या फेरीत कॅमेरा उचलूच नका, ते कुठे वळतं आणि कोणत्या खांबावर टेकतं तेवढं टिपून घ्या.

उभं कुठे राहायचं?

सेटिंगबद्दलचे शंभर प्रश्न येतात तेव्हा हा एक प्रश्न येतो. खरं तर निम्मा फोटो इथेच ठरतो.

शिकार शोधणारं घुबड शक्यतो वाऱ्याला तोंड देऊन उडतं. समोरून हवा आली की त्याला अगदी कमी वेगात तरंगता येतं, खाली कान देता येतो. बसताना आणि उठतानाही तोंड वाऱ्याकडेच असतं. म्हणजे वारा तुमच्या पाठीकडून वाहत असेल तर घुबड तुमच्याकडे तोंड करून येणार. वारा तुमच्या तोंडावर येत असेल तर दिवसभर त्याची पाठ आणि शेपटी टिपत बसाल.

आता यात ऊन मिळवा. ऊन आणि वारा दोन्ही पाठीकडून असतील तर घुबड समोरून येतं आणि त्याच्या चेहऱ्यावर प्रकाश पडतो. घुबडाचा चेहरा बशीसारखा सपाट, डोळे त्यात आत. बाजूच्या उन्हात नाकाडाच्या सावलीत एक डोळा हरवतो. स्वतःच्या सावलीचं टोक पक्ष्याच्या वाटेकडे आहे का, एवढं बघितलं तरी पुरे. दोन्ही गोष्टी जुळत नसतील तर आम्ही वाऱ्याला प्राधान्य देऊ. घुबडाच्या मागून येणाऱ्या उन्हात पंखांच्या कडा उजळतात, तो फोटोही सुंदर होतो. पाठमोऱ्या घुबडाला मात्र कुठलाच प्रकाश वाचवत नाही.

वाटेच्या अगदी मध्ये उभे राहू नका. कडेपासून वीस-तीस मीटर हटून, एखाद्या झुडपाला पाठ टेकवून बसा. झुडपाआड लपण्यापेक्षा झुडपासमोर बसणं सोयीचं. आकृती मागच्या रंगात मिसळते आणि लेन्ससमोर काटकी येत नाही. मागची पार्श्वभूमी शक्य तितकी लांब असू द्या. घुबडाच्या मागे दोनशे मीटरवर झाडांची रांग असेल तर ती विरघळून एकसारखा रंग होतो. पाच मीटरवर कुंपण असेल तर तार न् तार दिसते.

किती मिलिमीटरची लेन्स लागते?

चारशे ते सहाशे. पण "जितकी मोठी तितकी चांगली" हे इथे खरं नाही. हिशोब करून बघा. गव्हाणी घुबडाच्या पंखांचा विस्तार साधारण ९० सेंटीमीटर. ६०० मिमी लेन्स, अंतर २५ मीटर: सेन्सरवर (कॅमेऱ्यातल्या प्रतिमा टिपणाऱ्या भागावर) प्रतिमा सुमारे २१.६ मिमी. फुल फ्रेम सेन्सर ३६ मिमी रुंद, म्हणजे फ्रेमचा ६० टक्के भाग पक्ष्याने व्यापला. अगदी बेताचं. तेच घुबड १५ मीटरवर आलं की प्रतिमा ३६ मिमी होते आणि पंखाची टोकं कापली जातात. एपीएस-सी हा लहान सेन्सर जेमतेम २३.५ मिमी रुंद असतो, तेव्हा त्यावर २५ मीटरलाच फ्रेम भरते. अशा कॅमेऱ्यावर ४०० मिमी पुरते.

झूम लेन्सचा मोठा फायदा म्हणजे घुबड शोधायला कमी फोकल लेंथ आणि सापडल्यावर जास्त. १००-४००, १५०-६००, २००-६०० यांपैकी कोणतीही चालेल. एफ/४ किंवा एफ/२.८ ची प्राइम लेन्स (झूम नसलेली, जास्त उजेड घेणारी) संध्याकाळची वीस-पंचवीस मिनिटं वाढवून देते, पण खांदाही उतरवते.

शटर स्पीड किती ठेवायचा?

तरंगत जाणाऱ्या मोठ्या घुबडासाठी १/१००० सेकंद, पंख मारत असेल तर १/१६०० ते १/२०००, गवतात झेपावताना १/२५००, पिंगळ्यासाठी १/३२००.

हे आकडे तुम्ही पक्ष्याबरोबर लेन्स फिरवत आहात असं धरून दिले आहेत. लेन्स स्थिर असेल तर काय होतं बघा: सेकंदाला ५ मीटर वेगाने आडवं जाणारं घुबड, २५ मीटर अंतर, ६०० मिमी. सेन्सरवरची प्रतिमा सेकंदाला १२० मिमी धावते. १/२००० सेकंदात ती ०.०६ मिमी सरकली, आणि २४ मेगापिक्सेलच्या फुल फ्रेमवर ते जवळपास १० पिक्सेल झाले. डोळा पुसला गेला. म्हणून "१/२००० ठेवूनही फोटो हलला" ही तक्रार आली की बहुधा फिरवण्याचा वेग पक्ष्याशी जुळलेला नसतो.

पंखाची टोकं थोडी पुसट आली तर बिघडत नाही, उलट उडण्याची जाणीव होते. डोळा आणि चोच मात्र स्पष्ट हवीच.

एक्स्पोजर कोणत्या मोडवर?

मॅन्युअल. ऍपर्चर (लेन्सचं भोक) पूर्ण उघडं, शटर वर दिल्याप्रमाणे, आणि आयएसओचं (सेन्सरच्या संवेदनशीलतेचं) काय करायचं ते उजेडावर ठरवा.

ऊन स्थिर असेल तर आयएसओही स्वतःच बांधून टाका. कारण घुबडावर पडणारा उजेड तोच राहतो, बदलते फक्त मागची पार्श्वभूमी. ते गडद झाडीसमोरून उजळ आकाशासमोर गेलं की कॅमेऱ्याचा मीटर गोंधळतो, घुबड नाही. उन्हातल्या गवतावर मोजणी घ्या, एक चाचणी फोटो काढा, आणि गव्हाणी घुबडासारखं पांढरं पोट असेल तर तिथून एक तृतीयांश ते दोन तृतीयांश स्टॉप (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा) कमी करा. ढग येत-जात असतील तर ऑटो आयएसओ आणि एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन वापरा: गडद पार्श्वभूमीवर पांढरं घुबड असेल तर उणे ०.७ ते उणे १.३, फिक्या आकाशासमोर तपकिरी घुबड असेल तर अधिक १ ते अधिक २. हिमघुबड बर्फावर असेल तर सुमारे अधिक १ पासून सुरू करून हायलाइटचा (अति उजळ भागांचा) इशारा बघत जा.

संध्याकाळी सूर्य टेकला की दर पाच मिनिटांनी तपासणी. ही गोष्ट विसरली जाते, आणि घुबड आलं तेव्हा सेटिंग वीस मिनिटांपूर्वीची असते.

आयएसओला घाबरू नका. ६४०० वर नीट उजळ घेतलेला फोटो १६०० वर काळोखा घेऊन नंतर कॉम्प्युटरवर उचललेल्या फोटोपेक्षा बहुतेक कॅमेऱ्यांवर चांगला दिसतो. रॉ फाइल घ्या. हल्लीची नॉइज (फोटोतला दाणेदारपणा) घालवणारी सॉफ्टवेअर बरंच सावरून घेतात, हललेला फोटो मात्र ती सावरू शकत नाहीत.

फोकस सतत गवतावर जातो. काय करू?

सर्वाधिक फोटो इथे वाया जातात, म्हणून जरा तपशिलात.

कंटिन्युअस ऑटोफोकस ठेवा आणि फोकस शटर बटणावरून काढून कॅमेऱ्याच्या मागच्या बटणावर द्या. लेन्सवर अंतराची मर्यादा ठरवणारं बटण असेल तर जवळचं अंतर बंद करा. नाहीतर फोकस एकदा चुकला की लेन्स दोन मीटरपासून अनंतापर्यंत फेरफटका मारून येते आणि तोवर घुबड गेलेलं असतं.

घुबड येण्यापूर्वी, ते जिथून जाईल असं वाटतं तेवढ्याच अंतरावरच्या गवतावर फोकस लावून ठेवा. पक्षी फ्रेममध्ये येतो तेव्हा तो निदान ओळखू येण्याइतका स्पष्ट असला पाहिजे. पूर्ण धूसर ठिपक्यावर कोणतीही पक्षी-ओळख प्रणाली चालत नाही.

मग घुबड लांब असतानाच पकडा. फ्रेम भरेपर्यंत थांबून बटण दाबणं ही नवख्यांची ठरलेली चूक आहे. ऐंशी मीटरवर ते लहान दिसत असताना फोकस धरा, फिरवत राहा, फोटो काढू नका. दर एक-दोन सेकंदांनी मागचं बटण सोडून पुन्हा दाबा, म्हणजे फोकस घसरला असेल तर जागेवर येतो. तीस मीटरवर आलं की बर्स्ट, म्हणजे फोटोंची सलग मालिका.

मागे आकाश असेल तर फोकसचं क्षेत्र मोठं आणि पक्षी-ओळख चालू. मागे गवत असेल तर मध्यभागी छोटं क्षेत्र. ट्रॅकिंगची संवेदनशीलता कमी करा, म्हणजे मध्ये एखादी काडी आली तरी कॅमेरा लगेच तिच्यामागे धावत नाही. घुबडाचा चेहरा सपाट आणि दोन्ही डोळे समोर, त्यामुळे पक्षी मोडमध्ये डोळा सापडत नसेल तर प्राणी मोड लावून बघा.

शेवटी फोकसच्या खोलीचं भान असू द्या. ६०० मिमी, एफ/६.३, २० मीटर: फुल फ्रेमवर स्पष्ट पट्टा जेमतेम ४२ सेंटीमीटर. आडव्या जाणाऱ्या घुबडाचा जवळचा पंख तुमच्याकडे ताणलेला असेल तर फोकस पंखावर बसून डोळा धूसर होणं अगदी शक्य आहे. सरळ तुमच्याकडे येणारं घुबड सेकंदाला २० फ्रेमच्या वेगाने टिपलं तरी दोन फ्रेमच्या मध्ये २५ सेंटीमीटर पुढे सरकलेलं असतं. त्यामुळे दहा फोटोंच्या बर्स्टमध्ये तीन-चारच चांगले निघाले तर कॅमेऱ्यात बिघाड नाही.

फांदीवरून उठण्याचा क्षण दर वेळी हुकतो.

हुकणारच. माणसाला बघून बटण दाबायला साधारण पाव सेकंद लागतो, तोवर पंख उघडून घुबड फ्रेमबाहेर. उठण्याआधीच्या खुणा शिका. घुबड पुढे झुकतं, पाय बदलतं, नजर खाली एका जागी खिळवतं, डोकं वर-खाली आणि बाजूला हलवून अंतराचा अंदाज घेतं. बऱ्याचदा उडण्याआधी शिटतंही. ती पांढरी पिचकारी दिसली की बोट बटणावर.

फ्रेममध्ये जागा खाली सोडा. बहुतेकांना वाटतं पक्षी वर उडणार. फांदीवरून शिकारीला निघणारं घुबड आधी खाली घसरतं, जमिनीलगत तरंगत जातं आणि पुढच्या बैठकीला वर चढतं. म्हणून ते फ्रेमच्या वरच्या तृतीयांशात ठेवा आणि वारा येतो त्या बाजूला मोकळी जागा द्या. झूम थोडं कमीच बरं.

बटण दाबण्याआधीचे फोटो साठवून ठेवण्याची सोय अनेक मिररलेस कॅमेऱ्यांत आहे. या कामासाठी ती वरदान आहे. अर्धा सेकंद पुरतो. मात्र बॅटरी भराभर उतरते, तेव्हा जास्तीची खिशात ठेवा, आणि थंडीत अंगाजवळच्या खिशात.

एक गोष्ट कधीच करायची नाही: ते उडावं म्हणून टाळी, दगड, पुढे पाऊल. हुसकावलेल्या घुबडाचा फोटो ओळखू येतो. पाठ तुमच्याकडे आणि मान वळवून तुमच्यावर रोखलेली.

शटरच्या आवाजाने घुबड दचकतं का? इलेक्ट्रॉनिक शटर वापरावं?

वीस मीटरच्या आत यांत्रिक शटरच्या खटखटीकडे ते हमखास वळून बघतं. इलेक्ट्रॉनिक शटरला आवाज नाही, पण सेन्सर ओळीओळीने वाचला जातो. हे वाचन सावकाश, म्हणजे १/१५ ते १/३० सेकंदाचं असेल तर पंख वाकडे आणि मागची झाडं तिरकी येतात. स्टॅक्ड सेन्सरचे कॅमेरे हेच काम १/१५० सेकंदाच्या आसपास किंवा त्याहून झटपट करतात, तिथे काळजी नाही. आपल्या कॅमेऱ्याचं माहीत नसेल तर चालत्या पंख्याचा फोटो काढून बघा, पाती केळ्यासारखी वाकली की समजलं.

आवाजाइतकाच त्रास कपड्यांचा होतो. सळसळणारं रेनकोटचं कापड आणि वेल्क्रोची पट्टी घरीच ठेवा.

ट्रायपॉड, मोनोपॉड की हातात?

हातात पेलत असेल तर हातात. घुबड अचानक वळतं आणि ट्रायपॉड तुमच्याआधी थकतो. जड प्राइम लेन्स असेल तर ट्रायपॉडवर गिम्बल हेड (लेन्स तोलून सहज फिरवू देणारी बैठक), बसून वाट बघायची असेल तर मोनोपॉड.

गाडी ही उत्तम लपण आहे. घुबड उभ्या गाडीकडे फारसं लक्ष देत नाही, उतरलेल्या माणसाकडे देतं. खिडकीवर बीनबॅग, इंजिन बंद (कंपन लेन्सपर्यंत पोचतं), आणि दार उघडायचं नाही. रस्त्याच्या मध्ये थांबू नका. रस्त्याच्या कडेचं गवत उंदरांनी भरलेलं असतं, घुबडं तिथे खाली उतरतात आणि वाहनांखाली येतात.

सेटिंग सगळी बरोबर, तरी सगळेच फोटो मऊ का?

तापलेल्या जमिनीवरून उठणारी हवा. उन्हाने भाजलेल्या शेतावर चार वाजता ६०० मिमी लावली तर प्रत्येक फोटो पाण्याखालून काढल्यासारखा येतो, आणि लेन्स मात्र दुरुस्तीला पाठवली जाते. गाडीतली गरम हवा उघड्या खिडकीतून बाहेर पडतानाही हेच होतं. काचा सगळ्या उघडून पंधरा मिनिटं गाडी थंड होऊ द्या. उपाय एकच: अंतर कमी असलेली जागा निवडा किंवा ऊन उतरेपर्यंत थांबा.

उजेड फारच कमी झाला. आता कॅमेरा ठेवून द्यायचा का?

नाही, पद्धत बदलायची. १/२००० वरून १/५०० ला आलात तर दोन स्टॉप हाती येतात. तेवढ्यात तरंगणारं घुबड निघतं. त्याहून कमी झालं की १/३० ते १/६० वर पॅनिंग करा, म्हणजे पक्ष्याबरोबर लेन्स फिरवत फोटो घ्या. घुबड या प्रकाराला फार अनुकूल आहे, कारण पंख कितीही हलले तरी डोकं एका रेषेत स्थिर राहतं. चेहरा स्पष्ट, पंख आणि पार्श्वभूमी रेघोट्यांसारखी. शंभरात दोन-तीन जमतील.

पश्चिमेकडे रंग उरला असेल तर काळी आकृती टिपा. आकाशासाठी एक्स्पोजर, पंख पूर्ण वर किंवा पूर्ण खाली. मधल्या स्थितीत नुसती आडवी रेघ दिसते.

फ्लॅश वापरला तर?

उडत्या घुबडावर नको. अंधारात त्याची बुबुळं पूर्ण उघडी असतात, अचानक झोत पडला की काही क्षण ते दिपून जातं. फांदीवर बसलेलं असेल तर नुसतं डोळे मिटेल. तारा आणि फांद्यांमधून उडत असेल तर ते काही क्षण फार मोठे असतात. टॉर्चचा झोत डोळ्यांवर धरून ठेवणंही त्याच कारणाने टाळा. शिवाय लेन्सजवळच्या फ्लॅशने डोळे चमकतात आणि फोटोही वाईटच येतो.

आवाज वाजवून किंवा उंदीर सोडून बोलावलं तर काय बिघडतं?

ध्वनिमुद्रित हाक ऐकून घुबडाला वाटतं, दुसरं कोणी आपल्या हद्दीत घुसलंय. शिकार सोडून ते भांडायला येतं, पिल्लं उपाशी राहतात. आमिषाने ते माणसाला आणि रस्त्याला सोकावतं, आणि पुढे गाडीखाली सापडतं. जिवंत आमिषावर काढलेले फोटो अनेक वन्यजीव छायाचित्र स्पर्धा बाद करतात. जाणकाराला ते कळतातही: घुबड थेट लेन्सच्या दिशेने, नखं पुढे, आणि तेच दृश्य एकाच ठिकाणाहून दहा जणांकडे.

घरट्याजवळ ये-जा नक्की असते. तिथे थांबलं तर?

नका. माणूस बसून राहिला की पालक अन्न घेऊन लांबच थांबतात, आणि तुमच्या मागावर इतर शिकारी प्राणी ढोलीपर्यंत पोचतात. ब्रिटनमध्ये १९८१ च्या कायद्यानुसार घरट्यावरच्या गव्हाणी घुबडाला जाणूनबुजून त्रास देणं गुन्हा आहे. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण घुबडांना आहे. इतरत्र नियम वेगळे असतील, जाण्याआधी बघून घ्या.

धोका तुम्हालाही आहे. युरोपातलं टॉनी घुबड पिल्लांजवळ आलेल्या माणसाच्या तोंडावर झेप घेतं. नामवंत ब्रिटिश पक्षी-छायाचित्रकार एरिक हॉस्किंग यांना १९३७ साली अशाच हल्ल्यात डावा डोळा गमवावा लागला. आवाज नसल्यामुळे ते येतंय हे कळतच नाही.

घुबड माझ्यामुळे अस्वस्थ झालंय हे कसं ओळखायचं?

निवांत घुबड गोल, फुगलेलं असतं, एका पायावर उभं राहतं, पिसं साफ करतं, डोळे अर्धवट मिटतं. बिथरलेलं घुबड अंग आवळून बारीक आणि उंच होतं, कानासारखे तुरे असतील तर उभे करतं, डोळ्यांच्या फटी करून तुमच्याकडे बघतं. याला "पोझ देतंय" म्हणणारे पुष्कळ भेटतात. ते लपतंय. डोळे सताड उघडून तुमच्यावर रोखले आणि डोकं हलू लागलं तर ते उडायच्या बेतात आहे. आल्या वाटेने, तिरकं चालत मागे फिरा. उडणाऱ्या घुबडाने तुम्हाला बघून नेहमीची वाट दोनदा बदलली तर तुमची जागा चुकली आहे.

शेकडो फोटोंतून निवडायचे कोणते?

आधी डोळा. १०० टक्के मोठं करून डोळा स्पष्ट नसलेले सगळे काढून टाका, पंख कितीही सुंदर असोत. मग पंखांची स्थिती: पूर्ण वर किंवा पूर्ण खाली. वर असताना पंखाची सावली चेहऱ्यावर पडलेली नाही ना, ते बघा. मग डोळ्यांतली चमक. गव्हाणी घुबडाचे डोळे काळे, चमक नसेल तर ती नुसती दोन भोकं दिसतात. आखूड कानांच्या घुबडाचे पिवळे डोळे याबाबतीत उदार असतात. काही फोटोंत डोळ्यावर दुधी पडदा ओढलेला दिसेल, ती तिसरी पापणी आहे, फोकसची चूक नाही.

कॉम्प्युटरवर फोटोवर संस्कार करताना पांढऱ्या पोटावरचे हायलाइट आधी उतरवा, मग सावल्या उचला, तीक्ष्णता फक्त डोक्यावर द्या. पार्श्वभूमीचा नॉइज वेगळा आणि जास्त घालवा. पिसांवर तेवढाच लावलात तर मखमल जाऊन प्लास्टिक होतं.

फोटो टाकताना ठिकाण लिहू का?

नाही. जिल्हा किंवा प्रांत पुरे. फाइलमधली जीपीएसची नोंद निर्यात करतानाच काढून टाका, आणि पार्श्वभूमीत ओळखू येणारी टाकी, मनोरा किंवा पूल असेल तर क्रॉप करा. एकाच बैठकीपाशी वीस कॅमेरे जमले की घुबड ती बैठक सोडतं. घरट्याचा हंगाम चालू असेल तर फोटो पिल्लं उडून गेल्यावर टाका. कोणी खाजगीत ठिकाण विचारलं तर जात, अधिवास आणि वेळ सांगा, खांब सांगू नका.